लेडीजमध्ये मीडियमच येतं

साताऱ्याहून सकाळी सहाला निघाले आणि ऐरोलीच्या पुलावर पोचायला दुपारचा एक वाजला. द्रुतगती मार्गावर मोटरसायकलला बंदी, त्यामुळे जुन्या रस्त्याने, लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांमधून वाट काढत यावं लागलं. पुलाखाली खाडी, आणि करड्या चिखलात लांबवर गुलाबी ठिपके. फ्लेमिंगो असावेत म्हणून मी गाडी जरा हळू केली, तर मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात पूल संपेपर्यंत काढला नाही. दोन दिवसांचं काम म्हणून आले होते. सहा दिवस लागले, आणि त्यातले निदान पाच मी कुणावर ना कुणावर तरी वैतागलेली होते.

कशासाठी आले होते ते आधी सांगते. मी साताऱ्यात बायकांना दुचाकी शिकवते. बारा वर्षं झाली. भाजीवाल्या, अंगणवाडीच्या ताया, एक नायब तहसीलदारबाई, अशा पुष्कळ जणी माझ्या हाताखालून गेल्या. आपणही कुणाकडून तरी नीट शिकावं म्हणून गेल्या वर्षी तमिळनाडूतल्या एका रेसट्रॅकवर दोन दिवसांच्या शिबिराला गेले. तिथला नियम कडक आहे. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध चामड्याचा सूट हवा, नाहीतर ट्रॅकवर सोडत नाहीत. सूट भाड्याने मिळतो म्हणाले होते. मिळाला, पण पुरुषांचा. माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन चौऱ्याहत्तर किलो. कमरेखाली चेन लागेल असा सूट घातला, तर बाह्या बोटांच्या पुढे लोंबायला लागल्या. तपासनिसाने माझ्या कोपरावरचं गार्ड चिमटीत धरून नुसतं ओढलं. ते सरकत सरकत मनगटावर आलं. "सॉरी मॅडम," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला. दोन दिवस मी कठड्यावर बसून बाकीच्यांना वळणं घेताना पाहिलं आणि परत आले.

यंदा पुन्हा नाव घातलं होतं. शिबिराला तेरा दिवस उरले होते. पुण्यातली दुकानं पालथी घालून झाली होती, ऑनलाइन मागवलेले दोन सूट परत पाठवून झाले होते. "अगं, मुंबईत सगळं मिळतं," असं जो तो सांगत होता. सांगणाऱ्यांपैकी एकालाही नक्की कुठे मिळतं ते माहीत नव्हतं.

मुलुंड पूर्वेला माझी मंगलआत्या राहते. अडुसष्ट वर्षांची, एकटी. पालिकेच्या हॉस्पिटलात अपघात विभागात तीस वर्षं नर्स होती. तिने दार उघडलं, माझ्या हातातलं हेल्मेट पाहिलं आणि म्हणाली, "आलीस? सगळे अवयव जागेवर आहेत ना?"

"आहेत."

"मग हात धू. वालाचं बिरडं केलंय."

माझ्या गाडी चालवण्यावर तिचा पहिल्यापासून राग. जेवताना मी सूटचं सांगितलं तेव्हा तिने भात कालवायचा थांबवला. "म्हणजे पडणार हे धरूनच चाललाय तुम्ही. त्यासाठी कपडा शिवायचा." मी म्हटलं, तसंच. ती पुन्हा भात कालवायला लागली. सकाळी मात्र पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट आणि शेजारच्यांचं हेल्मेट अशा थाटात दारात उभी. "मी येणार. तुला तिथे कुणी गंडवलं म्हणजे?"

मुलुंडहून अंधेरीला जाणं हा एक वेगळाच प्रवास आहे. नकाशावर बोटभर अंतर. पूर्व द्रुतगती महामार्गाने कांजूरपर्यंत आलो, पवईच्या रस्त्याला लागलो आणि तिथे मेट्रोच्या खांबांखाली पाऊण तास एकाच बसचा धूर खात उभ्या राहिलो. मागून आत्या सूचना देत होती. "घुसव. घुसव ना! इथे कुणी जागा देत नाही, घ्यायची असते. तुमच्या साताऱ्यात बरंय."

अंधेरी पश्चिमेचं दुकान काचेचं होतं आणि आत थंडगार. भिंतीला ओळीने सूट टांगलेले, पांढरे, लाल, काळे, सगळे सहा फुटी. विक्रेता तिशीचा, दाढी कोरलेला. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मॅम, लेडीजमध्ये मीडियमच येतं."

"मोठं का नाही?"

"कंपनी बनवतच नाही. लेडी रायडर सगळ्या फिट असतात ना."

"ही फिट नाही?" आत्या म्हणाली. "साताऱ्याहून सात तास गाडी हाणत आलीय ती. तू आलायस कधी?"

त्याने तेवढ्यासाठी मीडियम काढून दिला. मी मूर्खपणा केला आणि घातला. पाय गेले, मांड्यांवर चढवताना घाम फुटला, हात घातले, आणि पाठीमागून तो कमरेवर असा रुतून बसला की पुढे जाईना आणि मागेही येईना. ट्रायल रूममध्ये मी हात पसरून उभी. शेवटी आत्याला हाक मारली.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"अजून सोड. प्लास्टर काढल्यासारखं काढावं लागणार हे."

बाहेरून विक्रेता, "मॅम, प्लीज सांभाळून, डिस्प्लेचा पीस आहे!" आत्याने पर्समधून पावडरचा डबा काढला, माझ्या खांद्यांत ओतला आणि वीस मिनिटांनी मला एकदाची सोलून बाहेर काढली. ट्रायल रूमभर पांढरं झालं होतं. किंमत मी बाहेर आल्यावर वाचली. माझ्या गाडीची निम्मी किंमत. मापाने शिवून मिळेल का विचारलं, तर बाहेरून येतं, तीन महिने लागतील म्हणाला. निघताना तो अगदी मनापासून म्हणाला, "मॅम, सहा महिने जिम करा, मग या." त्याला वाटलं, तो मला मदत करतोय.

समोरच्या टपरीवर आम्ही दोन कटिंग (अर्धा अर्धा ग्लास चहा) घेतल्या. आत्याला आठवलं की तिच्या बिल्डिंगमधले परब गोरेगावला सिनेमाच्या कपड्यांच्या गोदामात मास्तर आहेत. "हाणामारीवाल्या बायकांना ते असलेच कपडे घालतात. चल." गोरेगाव जवळच आहे म्हणाली. महामार्गावर ते जवळचं अंतर आम्ही तासाभरात कापलं.

गोदाम पूर्वेला, स्टुडिओच्या मागच्या अंगाला. आत पोलिसांचे गणवेश, राजांचे अंगरखे, पन्नास नर्सचे पोशाख. आत्याने त्यातल्या एकाची कॉलर उलटून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. परबमास्तर साठीचे, मालवणचे, गळ्यात टेप. "खयसून इलंस गो (कुठून आलीस गं)? साताऱ्यासून? आणि रेस करतलंस?" मग हसले नाहीत, सरळ आत गेले आणि लाल-काळा सूट घेऊन आले.

तो बसला. मी खरंच सांगते, तो मला बसला. चेन गळ्यापर्यंत गेली, कोपरं कोपरांवर आली. आरशात मी पहिल्यांदा तशी दिसले जशी स्वतःला वर्षभर मनात पाहत होते.

"ह्यो नको," मास्तर म्हणाले. "रेक्झिन हा."

"म्हणजे?"

"चामडं नाय. रस्त्यावर घासलास की वितळून अंगाक चिकटतला. आमचो शॉट चार मिनिटांत संपता, खाली गादी असता. मी तुका देवचंय नाय (तुला देणार नाही)."

मी चेन खाली ओढली. इतका राग आला होता की मास्तरांच्या चांगुलपणाबद्दल आभार मानायचेही राहिले. पण त्यांनीच एका कागदावर पत्ता लिहून दिला. देवनारची उषा म्हणून एक बाई आहे, चामड्याच्या जाकिटांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली, आता घरी शिवते. स्टंटवाल्या मुली तिच्याकडून जाकिटं दुरुस्त करून घेतात.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरवरून खाली देवनारला उतरलो. वारा कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडकडून येत होता. मी नाकाला ओढणी लावली, तर आत्या मागून म्हणाली, "काढ ती. माणसं राहतात इथे." मी काढली.

उषाताईंचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दाराच्या उजेडात लांब हाताचं अवजड मशीन, भिंतीला कातड्यांच्या गुंडाळ्या. बाई माझ्याच वयाच्या, चाळिशीच्या पुढच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मी सगळं सांगितलं. त्यांनी मशीनवरचा पाय उचलला नाही.

"नवा शिवायला दोन महिने लागतात. अकरा दिवसांत व्हायला हा काय बाजारहाट आहे? आणि असा सूट मी कधी शिवलेला नाही. खोटं कशाला बोलू?"

मी उठलेच. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "जुना आणा एखादा. चांगला, खऱ्या चामड्याचा. उंच माणसाचा. लहानाचं मोठं करता येत नाही, मोठ्याचं लहान करीन. आणि माप देऊन जा. गाडी कुठाय?"

"बाहेर."

"मग बाहेर चला. उभ्या माणसाचं माप घेऊन मी काय करू? तुम्ही उभ्या राहून चालवता?"

अशा रीतीने देवनारच्या गल्लीत, भर अकरा वाजता, मी गाडीवर टाकीला पोट लावून ओणवी झाले आणि उषाताईंनी माझं माप घेतलं. पाण्याचे ड्रम भरणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. एकीने विचारलं, "शूटिंग आहे का?" मला शरमेने मेल्यासारखं झालं होतं. उषाताई मात्र पाठ, मांडी, कोपर, गुडघा असं एकेक माप मोठ्याने म्हणत होत्या, आणि आत्या ते माझ्या वहीत टिपून घेत होती, वॉर्डात ताप टिपायची तसं, वेळ घालून.

जुना सूट शोधायला संपूर्ण दुपार फोनवर गेली. एक विकलेला, एक पुण्यात, एकाने उगाच लग्न झालंय का विचारलं. शेवटी पवईच्या एका इंजिनियरचा मिळाला. त्याच्या टॉवरच्या फाटकावर आम्हाला पंचवीस मिनिटं थांबवलं. नाव, फोटो, गाडीचा नंबर, कुणाकडे, कशाला. "सूट घ्यायला," मी म्हटलं. पहारेकरी म्हणाला, "लाँड्री? मग मागच्या लिफ्टने." आत्याने त्याला काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. आम्ही मागच्याच लिफ्टने गेलो.

इंजिनियर सहा फूट दोन इंच, नाव ईशान. बायकोला दिवस गेल्यापासून त्याने रेसिंग सोडलं होतं. सूट काळा, जाड, जड. उजव्या बाजूला, कमरेपासून मांडीपर्यंत चामडं घासून पांढरं पडलेलं.

"पडलेला दिसतो हा," मी म्हटलं. किंमत कमी करायला कारण मिळालं म्हणून मनात बरंच वाटलं होतं.

"एकदा पडलो," तो म्हणाला. "बराच लांब घसरत गेलो."

आत्याने सूट माझ्या हातातून घेतला. खिडकीजवळ नेला. घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, मग हात आत घालून तीच जागा उलटी केली. अस्तर तसंच होतं. एक दोरासुद्धा निघाला नव्हता. मग ती ईशानकडे वळली.

"तुला किती लागलं?"

"काही नाही, आंटी. काळंनिळं झालं होतं, आठवडाभर."

"काही नाही," आत्या पुन्हा म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलली, "शोभे, ह्या इथून, बरोबर ह्या जागेतून मी चिमट्याने खडी काढलीय. एकेकाची दोन दोन तास. पोरं ओरडायची. कितींची, ते मोजलं नाही कधी." तिने सूट नीट घडी घालून छातीशी धरला. "घे हा. घासाघीस करू नकोस."

तेवढ्यात ईशाननेच दोन हजार कमी केले.

संध्याकाळी सूट उषाताईंकडे टाकला. त्यांनी दोन दिवस मागितले. साताऱ्याहून शिकणाऱ्यांचे फोन चालूच होते. एकीची परीक्षा सोमवारी, एक म्हणे तुम्ही नाहीत तर मी गाडीला हात लावत नाही. मी आत्याच्या गॅलरीत बसून सगळ्यांवर खेकसत होते. आत्या एकदा चहा ठेवून गेली, म्हणाली, "लोकांवर कशाला काढतेस? सूटवर चिडलीयस ना, मग सूटवर चीड."

दुसऱ्याच दिवशी उषाताईंनी बोलावलं, घालून बघायला. बाह्या आणि पाय आखूड करून झाले होते. उभी असताना चेन जेमतेम लागली. मला वाटलं, झालं! गाडीवर बसून ओणवी झाले आणि कमरेखाली टीप ताणून कटकन आवाज आला. उषाताईंनी घाईने चेन उघडली. दोन्ही बाजूंना तीन तीन बोटं कमी पडत होती.

मी गाडीवरून उतरले आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. इतके दिवस जे दाबून ठेवलं होतं ते आता निघालं. "जाऊ दे," मी म्हटलं. "नका करू काही. दुकानात नाही, भाड्याने नाही, पुरुषांचा कापूनसुद्धा नाही. कुठल्याच मापात नाही मी. अंगच चुकीचं आहे माझं." पुढे रडूच आलं. गल्लीतल्या बायका पुन्हा थांबल्या होत्या, पण या वेळी कुणी शूटिंगचं विचारलं नाही.

आत्या माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. उषाताई काही समजूत घालायला आल्या नाहीत. त्या मशीनखालच्या टोपलीत शोधत होत्या. पाय आणि बाह्या आखूड करताना कापलेल्या चामड्याच्या पट्ट्या त्यांनी पाकिटं शिवायला ठेवल्या होत्या. चार बोटं रुंद, जाड, त्याच काळ्या चामड्याच्या. त्यातल्या दोन त्यांनी माझ्या कमरेला लावून पाहिल्या.

"अंग कसलं चुकीचं?" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "त्या लंबूचं खाली जास्त होतं, तुम्हाला इथे कमी पडतंय. खालचं वर येईल. माझंच चुकलं, बसल्यावर मांडी किती पसरते ते मी धरलं नव्हतं. उठा, पुन्हा गाडीवर बसा."

"पण कमरेवर जोड आला म्हणजे?" आत्याने विचारलं. "पडली तर तिथेच पडणार ती. टीप फाटली तर?"

"आत एक पट्टी, बाहेर एक, तीन टिपा, नायलॉनच्या दोऱ्याच्या. चामडं फाटेल, टीप नाही फाटायची."

"दाखव मला एक तुकडा शिवून."

उषाताईंनी दोन तुकडे जोडून दिले. आत्याने एक टोक पायाखाली धरलं आणि दुसरं दोन्ही हातांनी ओढलं. मग मी ओढलं. मग बाहेरच्या एका दणकट बाईला आत बोलावून तिलाही ओढायला लावलं. टीप जागची हलली नाही. "शिव," आत्या म्हणाली, आणि स्टूल ओढून मशीनशेजारीच बसली. संध्याकाळपर्यंत ती तिथून उठली नाही. मधे उषाताईंनी बाजरीची भाकरी आणि सुकट दिली. आमच्या घरात अशी सुकट होत नाही. मी दोनदा मागून घेतली.

पाचव्या दिवशी सूट तयार झाला. गाडीवर ओणवी झाले तेव्हा तो कुठे ओढला नाही, कुठे फुगला नाही. उभी राहिले की मात्र खांद्यांतून पुढे वाकवत होता, रेसचे सूट तसेच असतात. आत्याला ते पटायला अर्धा तास गेला. उषाताईंनी मजुरी सांगितली ती ऐकून आत्याच म्हणाली, "एवढ्यात नाही व्हायचं. जास्त घे." अंधेरीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात सगळं मिळून बसलं.

सहाव्या दिवशी सकाळी निघाले. सूट बॅगेत मावेना म्हणून अंगात घातला आणि पनवेलपर्यंत उकडून निघाले. पुढे घाटात वारा लागला. मी या शहराचा विचार करत होते. उपनगरांत सहा दिवस फिरले आणि बघण्यासारखं म्हणाल तर काहीच पाहिलं नाही. पवईचा तलाव बसच्या आडून, खाडीचे पक्षी टेम्पोच्या हॉर्नमधून. पण एका मास्तरांनी मला बसलेला कपडा अंगावरून उतरवायला लावला, आणि एका बाईने मला माझ्या गाडीवर बसवून विचारलं, की तुम्ही नक्की कशा बसता. बाकी सगळ्यांनी मी कशी असायला हवी तेच सांगितलं होतं.

शिबिरात तोच तपासनीस होता. त्याने गार्ड ओढली, चेन पाहिली, कमरेच्या टिपांवरून नख फिरवलं आणि हातावर शिक्का मारला. दोन दिवस मी वळणं घेतली. पडले नाही, एकदा ट्रॅक सोडून मातीत मात्र गेले. मदुराईची एक मुलगी, माझ्याच बांध्याची, पुरुषांच्या सूटमध्ये बाह्या दुमडून कठड्यावर बसली होती. दुपारी ती माझ्याजवळ आली आणि माझ्या कमरेच्या जोडाला हात लावून पाहिला. मी तिला नंबर दिला.

घरी येऊन पंधरवडा झाला तेव्हा उषाताईंचा फोन आला. आवाज चढलेला.

"ताई, हे काय लावून दिलंत माझ्यामागे? मद्रासच्या बाजूच्या तिघींचे फोन आले. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी. एक तर म्हणते व्हिडिओवर माप घ्या! बॅगांची ऑर्डर पडून आहे माझी. आणि तुमच्या आत्या!"

"काय केलं तिने?"

"एक दिवसाआड बसने येऊन बसतात इथे. टिपा ओढून बघतात. काल सबंध एक बाही उसवायला लावली मला."

"मग उसवली?"

पलीकडे मशीन दोनदा खडखडलं आणि थांबलं.

"उसवली," त्या म्हणाल्या. "टीप वाकडी होती."